मात्सुरी, हब्बा, जत्रा

बंगळुरूतल्या त्या सभागृहाच्या दारावर तीन भाषांत तीन शब्द लिहिले होते. जपानीत ‘मात्सुरी’, कन्नडमध्ये ‘हब्बा’, इंग्रजीत ‘फेस्टिव्हल’. जपानी संस्कृतीच्या या महोत्सवात मी सकाळी दहापासून दिवे मालवेपर्यंत होते, आणि दिवसभर या तीन शब्दांची तुलना डोक्यात चालूच राहिली. तिन्ही एकाच वस्तूची नावं आहेत असं तो फलक सांगत होता. ते खरं नव्हतं.

‘मात्सुरी’ येतो ‘मात्सुरु’ या क्रियापदापासून. देवाला पुजणं, त्याची सेवा करणं, त्याला खूश ठेवणं असा त्याचा अर्थ. क्योतोची गिओन मात्सुरी साथीच्या रोगातून सुटका व्हावी म्हणून इ.स. ८६९ मध्ये सुरू झाली असं मानतात. ती जुलैभर चालते. देव ‘मिकोशी’त बसून माणसांच्या खांद्यांवरून निघतो. मिकोशी म्हणजे आपली पालखीच, फक्त ती मुद्दाम हिंदकळवतात. घामेजलेले पुरुष ओरडत असतात, ढोल वाजत असतात, रस्त्याच्या कडेला भाजक्या कणसांच्या गाड्या आणि मुलांसाठी सोनेरी मासे पकडायचे खेळ असतात. यात्रेत वाढलेल्या माणसाला त्याचं भाषांतर करून सांगावं लागत नाही. शिवाय ‘गिओन’ हे नावच श्रावस्तीच्या जेतवनाचं जपानी रूप आहे. मिरवणुकीतल्या रथांवर जुने गालिचे लटकवतात, त्यातले काही डच जहाजांतून गेलेले हिंदुस्थानी आहेत, आणि त्यातले काही दख्खनचे असावेत असं अभ्यासक मानतात. मला मराठीत मात्सुरीसाठी एकच शब्द सुचतो, जत्रा. पण जत्रा म्हटलं की धूळ, गर्दी आणि बत्तासे आठवतात. ‘महोत्सव’ म्हटलं की प्रायोजक आठवतात. आपण दुसरा शब्द निवडतो.

आणि या सभागृहात होतं ते खरोखर महोत्सवच होतं, जत्रा नव्हती. ओळीने टेबलं मांडलेली. कागदाचे पक्षी करायचं एक, फुलं रचायचं एक, युकाता नेसून फोटो काढायचं एक, त्याच्यासमोर सगळ्यात लांब रांग. खाण्याच्या बाजूला ताकोयाकी, त्यात ऑक्टोपसऐवजी कोबी आणि पनीर. सगळं नेटकं, स्वच्छ, वेळेवर. जवळजवळ सगळं निःशब्दही. घडी घाला, रचा, नेसा, चाखा, वाजवा. ज्या गोष्टींना भाषांतर लागत नाही त्या इथवर पोचल्या होत्या. भाषा आली होती तीही चित्र होऊन.

अक्षरलेखनाच्या टेबलावर आपलं नाव कातकानात लिहून मिळत होतं. माझ्यापुढे स्नेहल नावाची मुलगी होती, ती ‘सुनेहारु’ होऊन निघाली. खूश होती. मागे भिंतीवर कानाचा तक्ता टांगला होता आणि त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. त्या तक्त्यापाशी एखाद्या कन्नड, मराठी किंवा तमिळ माणसाला फक्त मोठ्याने वाचायला सांगायला हवं होतं: आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ही आपली वर्णमाला आहे. सिद्धम् लिपीतली संस्कृत मंत्राक्षरं शिकणाऱ्या जपानी भिक्षूंनी या क्रमाने आपले ध्वनी लावले. ‘च’च्या जागी ‘सा’ आहे, कारण जुन्या जपानीत तो उच्चार बहुधा ‘च’ किंवा ‘त्स’च्या जवळचा होता. ‘प’च्या जागी ‘हा’ आहे, कारण आजचा ‘ह’ एके काळी ‘प’ होता. हजार वर्षांपूर्वीची जपानी कशी ऐकू येत असेल याचा पुरावा त्या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या बालवाडीत दडलेला आहे. एका मिनिटात सांगण्यासारखी गोष्ट होती.

त्याऐवजी उद्घाटनाच्या भाषणात प्रमुख पाहुण्यांनी प्राचीन संबंधांची गोष्ट सांगितली. बुद्ध इथून गेला, सरस्वती तिकडे बेंझाइतेन झाली, इंद्र ताइशाकुतेन झाला, म्हणजे आपण एकच. यातली नावं बरोबर आहेत, ‘म्हणजे’ चूक आहे. बेंझाइतेन तळ्याकाठी राहते, धनही देते, तिच्याबरोबर पांढरा साप असतो. ती सरस्वती होऊन उरली नाही म्हणूनच तिकडे जिवंत राहिली. असल्या भाषणांनी समोरच्याला ओळखीचा करण्याच्या नादात त्याच्याकडे बघणंच थांबतं. देव मोजत बसण्यापेक्षा तक्ता बघायला हवा, असं मला वाटतं, कारण तक्त्यात साम्यही दिसतं आणि ‘ह’च्या जागी फरकही.

चहाच्या प्रात्यक्षिकात मात्र शब्द होते, आणि ते कुठून आले हे चटकन ओळखू आलं. किमोनोतल्या बाई अबोलपणे चहा घुसळत होत्या आणि एक तरुण इंग्रजीतून साधेपणा, अपूर्णता, क्षण वगैरे समजावत होता. हा मजकूर ओकाकुरा काकुझो यांच्या ‘द बुक ऑफ टी’चा पुसट नातू आहे. ओकाकुरा १९०१-०२ मध्ये भारतात होते, ठाकूर घराण्याशी त्यांचं सख्य होतं. १९०६ साली न्यूयॉर्कला छापलेलं हे पुस्तक त्यांनी इंग्रजीतच लिहिलं, जपानी न येणाऱ्यांना जपान कळावा म्हणून, आणि जपानला युद्धापलीकडेही काही आहे हे बजावण्यासाठी. पुस्तक सुंदर आणि रागीट आहे. महोत्सवातून त्यातला राग गळून गेलाय. उरलाय तो शांत, लहान, क्षणभंगुर, मुळातच इंग्रजीत लिहिलेला जपान. आपल्या भाषांतली हायकूची समज याच जपानातून आली.

दुपारी हायकूची कार्यशाळा होती. तिशीतल्या उत्साही मार्गदर्शकाने सगळ्यांना बोटं मोजायला लावली: पाच, सात, पाच. इंग्रजी, हिंदी, कन्नड, कुठल्याही भाषेत लिहा, पण मोजून लिहा आणि एक क्षण पकडा. शेजारी बसलेला आठवी-नववीतला मुलगा चुकून आला होता. त्याला ‘हायक्यू’ नावाच्या व्हॉलीबॉलच्या ॲनिमेबद्दल काही असेल असं वाटलं होतं. सगळे हसले. पण मला वाटतं कार्यशाळेतला सगळ्यात उपयोगी क्षण तोच होता आणि तो वाया गेला. कवितेचं नाव ह-इ-कु, तीन ठोके. व्हॉलीबॉलचं नाव ह-इ-क्यु-उ, चार ठोके. इंग्रजी कानाला दोन्हीत दोन-दोन शब्दावयव. जपानी कविता शब्दावयव मोजत नाही, ठोके मोजते. दीर्घ स्वराचे दोन ठोके, शेवटच्या ‘न्’चा वेगळा एक, द्वित्ताच्या थबकण्याचाही एक. तिकिटाला जपानीत ‘किप्पु’ म्हणतात: कि, थांबा, पु. तीन.

आता हे मराठी शाळेतल्या पद्धतीने मोजून बघा. ‘किप्पु’: जोडाक्षरामागचा ‘कि’ गुरू, दोन मात्रा, ‘प्पु’ लघू, एक. तीन. ‘शिंबुन्’, म्हणजे वर्तमानपत्र: अनुस्वारामुळे ‘शिं’ दोन, ‘बुन्’ दोन. चार, जपानीतही चार. देवनागरीतले ए-ओ नेहमी दीर्घ धरले जातात, तिथे गणित बिघडतं, कानडी-तमिळमध्ये ऱ्हस्व ए-ओ असल्यामुळे तिथे तेही बिघडत नाही. म्हणजे त्या खोलीत बसलेल्या कोणालाही जपानी ठोका समजायला इंग्रजीची गरज नव्हती. मात्रावृत्तं शिकलेला कान त्यासाठी तयारच होता. आणि तरी आपण सगळे अक्षरं मोजतो. मराठीत सतरा अक्षरांच्या सहज पंचवीस-तीस मात्रा होतात. जपानी हायकू एका श्वासात संपतो, आपला दोन श्वासांचा होतो. वर अनेकदा यमक. जपानी हायकूत यमकाची प्रथा नाही. शिरीष पै यांनी मराठीत हायकू रुजवला तो असा काटेकोर मोजून नव्हे, आणि मला त्यांचं ते शहाणपण वाटतं. त्यांनी कान मराठीच ठेवला. आजच्या स्पर्धांतून आणि गटांतून जो पाच-सात-पाचचा दंडक दिसतो तो ना जपानी ना मराठी.

भारतीय भाषांत हायकूची वाट किती लवकर उघडली होती हे पाहिलं की हळहळ वाटते. रवींद्रनाथ १९१६ मध्ये जपानला गेले. ‘जापान-यात्री’ (१९१९) या पुस्तकात त्यांनी बाशोच्या दोन कविता बंगालीत आणल्या. त्याच १९१६ साली सुब्रह्मण्य भारती ‘स्वदेशमित्रन’मध्ये तमिळ वाचकांना जपानी कवितेबद्दल सांगत होते. गुजरातीत स्नेहरश्मी, हिंदीत ‘अरी ओ करुणा प्रभामय’मधले (१९५९) अज्ञेय. पण थेट जपानीतून हिंदीत येणाऱ्यांत नाव घ्यावं लागतं ते जेएनयूमध्ये जपानी शिकवणाऱ्या सत्यभूषण वर्मांचं. त्यांनी चक्क अंतर्देशीय पत्रावर ‘हाइकु’ नावाचं पत्रक काढून देशभर पाठवलं. एवढ्या छोट्या कवितेला तेवढाच कागद. बाकीच्यांची वाट बहुतेक इंग्रजीतून, आणि १९४९ ते १९५२ दरम्यान आलेल्या आर. एच. ब्लाइथ यांच्या चार खंडांनंतर ती झेनमधून जाऊ लागली. हायकू म्हणजे मौन, साक्षात्कार, तळ्याकाठी एकटा बसलेला माणूस.

बाशो (१६४४–१६९४) एकटा बसणारा नव्हता. त्याचा धंदा बैठका चालवण्याचा होता. चार-पाच जण जमायचे, एकाने तीन ओळी टाकायच्या, दुसऱ्याने दोन जोडायच्या, तिसऱ्याने पुन्हा तीन, अशी छत्तीस कडव्यांची साखळी. मागच्या कडव्याला धरायचं पण त्याच्या मागच्याकडे परतायचं नाही. चंद्र कधी यायचा, फूल कधी यायचं हे ठरलेलं. या प्रकाराचं नाव ‘हायकाई’, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ थट्टा, गंमत. आज आपण ज्याला हायकू म्हणतो ते त्या साखळीचं सुरुवातीचं कडवं. त्याला वेगळं काढून ‘हायकू’ म्हणून उभं केलं मासाओका शिकी यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. सवाल-जवाब, कलगी-तुरा, मुशायरा, अष्टावधान यांच्या देशात एका बैठकीतल्या साखळीची कल्पना कोणाला समजवावी लागू नये. त्या खोलीत वीस माणसं होती. साखळी करता आली असती. वीस जण वीस कागदांवर मान खाली घालून वीस क्षण पकडत होते.

वाचनात बहुतेकांकडे चेरीचा बहर आला. बाहेर रस्त्यावर टॅबेबुया गुलाबी फुलला होता. इथली वर्तमानपत्रं त्यालाच ‘बंगळुरूचा चेरी ब्लॉसम’ म्हणतात, त्यामुळे त्या बिचाऱ्या झाडाला स्वतःच्या नावाने एकही ओळ मिळाली नाही.

मार्गदर्शकाने शेवटी बाशोची ती बेडकाची कविता इंग्रजीत वाचली. १६८६ ची. अनुवादक म्हणून या कवितेशी माझी झटापट बरीच वर्षं चालू आहे. अडचण ‘डुबुक’ की ‘बुळुक’ ही नाही, ती सुटते. जपानी काव्यसंकेतात बेडूक हा वसंताचा शब्द आहे, आणि जुने दरबारी कवी त्याला ऐकत ते त्याच्या गाण्यासाठी. बाशोने त्याला गप्प ठेवलं आणि उडी मारायला लावली. गंमत तिथे आहे: गवयाला बोलावलं आणि तो नुसता पाण्यात पडला. मराठीत ‘बेडूक’ लिहिलं की वसंत येत नाही, पाऊस येतो. ऋग्वेदाच्या मंडूकसूक्तापासून आपला बेडूक मृगाच्या आसपास जागा होतो आणि वेदपाठ करणाऱ्या ब्राह्मणांसारखा गलका करतो. ज्ञानेश्वरीतला बेडूक कमळाच्या शेजारी राहूनही चिखलाचा धनी. म्हणजे मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर गढूळ, भरलेलं, शेकडो आवाजांचं डबकं येतं आणि त्यात एका उडीचा आवाज ऐकूच येत नाही. पण गवयाची थट्टा मात्र मराठीत इंग्रजीपेक्षा जास्त नीट पोचू शकते, कारण आपल्याकडेही बेडूक मुळात गाणारा आहे. इंग्रजीत तो नुसता बेडूक. ऋतू गमवायचा की विनोद, असा तो सौदा आहे. मी विनोद ठेवते. झेनवाले रागावतील. हे सगळं त्या कार्यशाळेत मराठी, कन्नड, बंगाली बोलणाऱ्या माणसांनी वीस मिनिटं बोलण्यासारखं होतं, आपापला बेडूक काय करतो ते सांगण्यासारखं. इंग्रजी वाचून झाल्यावर सगळ्यांनी डोळे मिटून अर्धा मिनिट शांतता पाळली.

चारनंतर रंगमंचावर वेशभूषेची स्पर्धा सुरू झाली. आमच्यासारखे लोक अशा वेळी कॉफी प्यायला जातात. मी थांबले, आणि दिवसभरात पहिल्यांदा जपानी भाषा ऐकू आली. निळे-जांभळे केस लावलेली ती मुलं ॲनिमेतली संभाषणं पाठ म्हणत होती, गाणी अडखळता गात होती, आणि खालची शंभरेक मुलं त्यांच्या आधी ओळी पुऱ्या करत होती. उच्चार ऐकून ऐकून आलेले, म्हणून दीर्घ-ऱ्हस्व बरोबर. शिष्ट जपानी संस्कृतीचे रखवालदार या मुलांना उथळ म्हणतात. माझ्या मते त्या सभागृहात भाषेची भूक फक्त त्यांना होती.

त्यांच्यानंतर शहरात नोकरीनिमित्त राहणाऱ्या जपानी कुटुंबांच्या वृंदाने एक कन्नड भावगीत गायलं. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईंच्या हातात सरावाचा कागद होता. कन्नड शब्द कातकानात लिहिलेले, आणि जिथे जिथे ‘ळ’ येतो तिथे ‘रु’भोवती लाल पेन्सिलीचा गोल. जपानीत ‘ल’ नाही, मग ‘ळ’ कुठला. काही ठिकाणी जमला, काही ठिकाणी नाही, आणि प्रत्येक जमलेल्या ‘ळ’ला मागून टाळी पडत होती. त्या गर्दीला जत्रेच्या जवळ जाणारं काहीतरी त्या पाच मिनिटांत झालं.

पुस्तकांचं टेबल दाराजवळ, बाहेर पडण्याच्या वाटेवर. मांगा इंग्रजीत, मुराकामी इंग्रजीत, ‘तोत्तोचान’ इंग्रजीत. मराठीतल्या तोत्तोचानने कितीतरी शिक्षकांना आणि आईबापांना शाळेकडे वेगळं बघायला लावलं, कन्नडमध्येही ती आहे. टेबलावर दोन्ही नव्हत्या. ‘इकिगाई’चा मोठा ढीग. जगण्याचं जपानी रहस्य सांगणारं हे पुस्तक दोन लेखकांनी स्पॅनिशमध्ये लिहिलंय, इंग्रजीतून ते आपल्या भाषांत आलंय, आणि मराठी पुस्तकांच्या दुकानात गेलं तर जपानी म्हणून आधी तेच हाती येतं. तानिझाकी किंवा कावाबाता मागून बघा.

भाषाशिक्षणाच्या टेबलावर परीक्षांच्या पातळ्यांचे तक्ते होते, एन-फाइव्हपासून एन-वनपर्यंत, आणि कुठल्या पातळीला कसली नोकरी. बंगळुरू आणि पुण्यात हजारो तरुण या पायऱ्या चढतात. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटपासून टिळक महाराष्ट्र विद्यापीठापर्यंत जपानी शिकवली जाते. इतके जपानी जाणणारे मराठी लोक इतिहासात कधी नव्हते. ते यंत्रांच्या माहितीपुस्तिका, करार, चाचण्यांचे अहवाल भाषांतरित करतात. साहित्य इंग्रजीतून येतं, तेही माझ्यासारख्यांकडून, ज्यांची जपानी शब्दकोश हाताशी घेऊन चालते.

टेबलावरची स्वयंसेविका सांगलीची निघाली. मराठी ऐकून तिने आधी ‘मॅडम’ सोडून ‘ताई’ म्हटलं. एन-टू झालेली, एका वाहनसुट्यांच्या कंपनीत दुभाषी. काही वाचतेस का जपानीत, असं विचारल्यावर ती जरा लाजली आणि मोबाइल काढला. नीइमी नानकिची यांच्या ‘गोनगित्सुने’चा, म्हणजे गोन नावाच्या कोल्ह्याच्या गोष्टीचा तिने आजीसाठी अनुवाद करायला घेतला होता, वहीत लिहून त्याचे फोटो ठेवले होते. १९३२ ची ही गोष्ट जपानी शाळांत चौथीला असते. खोडकर गोन ह्योजू या गरीब शेतकऱ्याची वाम मासळी पळवतो, मग त्याची आई गेल्यावर पस्तावतो, आणि गुपचूप त्याच्या दारात फळं-अळंबी आणून ठेवत राहतो. ह्योजूला ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. तिचा ह्योजू ‘काय करायलाईस’ म्हणत होता. कृष्णाकाठचं बोलणं. मी विचारलं, प्रमाण मराठी का नाही? ती म्हणाली, “ताई, गोष्ट गावातल्या म्हाताऱ्याने सांगितलेली आहे ना. आणि आजीला पुस्तकी बोललेलं कळतं, पण ती हसते.”

तिचं अडलं होतं ते एका शब्दापाशी. कोल्हा जी फळं आणतो ती ‘कुरी’, चेस्टनट. मराठीत नाव नाही. तिने तात्पुरतं ‘फणसाच्या आठळ्या’ लिहिलं होतं, कारण भाजल्यावर चव आणि पिठूळपणा तसाच लागतो, तिने दोन्ही खाल्लंय. मला पटेना. आठळी फणसाच्या पोटातून काढावी लागते, कोल्हा ती गोळा करणार कशी? कुरी झाडावरून काटेरी बोंडात आपोआप पडतात, रानात वेचता येतात. मी म्हटलं, कुरीच ठेव, एकदा वर्णन कर आणि पुढे नाव चालव. ती म्हणाली, आजी विचारेल कुरी म्हणजे काय, आणि गोष्ट तिथेच थांबेल. कोल्ह्याने काय आणलं हे आजीला तोंडात कळलं पाहिजे. मग आम्ही बिब्ब्याची फुलं, शिंगाडे, चारोळ्या असं एकेक काढून बघितलं. शिंगाडा पाण्यातला, चारोळी फार लहान. टेबलं आवरायला सुरुवात झाली होती आणि तिने शिंगाड्यापुढे प्रश्नचिन्ह घातलं होतं.